प्लास्टर घट्ट होईपर्यंत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे, आता निवृत्त, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझं पूर्ण नाव, पत्ता आणि घराच्या चतुःसीमा वकिलांनी जोडपत्रात घातल्या आहेत, त्या इथे पुन्हा उगाळत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही आणि गोड बोलून कोणी सहीही घेतलेली नाही. मी फक्त वैतागलेलो आहे. वैतागलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याला चालतं, हे मी आधी विचारून घेतलं आहे.

वकिलांनी एक मसुदा टाईप करून आणला होता. त्यात "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" हे शब्द इतक्या वेळा आले होते की हा कोणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा कागद असावा असं वाटलं. तो मी परत केला. हे सगळं माझ्या हातचं आहे. अक्षर बारीक आहे, पण कवळीच्या दाढेवर रेघा कोरणाऱ्याचं आहे, त्यामुळे चष्मा लावला की वाचता येईल.

कलम १. माझे वारस

मला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा त्रेचाळीस वर्षांचा असून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याची नोकरी करतो. अडीच वर्षांपूर्वी कंपनीने ऑफिस बंद करून सगळ्यांना घरी बसवलं. तेव्हापासून तो आमच्या पुढच्या खोलीत कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची माफी मागत असतो. सूनबाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर मोजते आणि सहाला घरी येते. मुलगी शाळेत खेळ शिकवते आणि दुसऱ्या गावी राहते.

नात एकच, मुलाची. येत्या रविवारी आठ वर्षांची होईल. तिला आम्ही टकळी म्हणतो, कारण झोप सोडली तर तिचं तोंड बंद नसतं. झोपेतही असतंच असं नाही.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. साखरेने आधी तिचे दात नेले, मग पाय, मग मूत्रपिंडं, मग तिला.

कलम २. राहतं घर

घर मुलाला द्यायचं आहे. पण सरळ द्यायचं नव्हतं. माझी अट अशी होती की घरात गोड पाण्याची बाटली, डबा, पुडा, पिशवी, काहीही आलेलं दिसलं, की त्या दिवसापासून घर मुलीच्या नावावर व्हावं. वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"काका, बाटल्या कोण मोजणार?"

मी म्हटलं, मी मोजतोच आहे. ते म्हणाले, तुम्ही गेल्यावर. मी ती अट सोडून दिली. शिवाय मुलगी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? ती निळ्या रंगाचं पाणी पिते. बाटलीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र असतं. खेळाडूंना ताकद लागते म्हणे. ज्या रंगाचं पाणी ओतून मी संडास घासतो, त्या रंगाचं पाणी माझी मुलगी ताकदीसाठी पिते. थोडक्यात, अट मोडली तरी घर एका बाटलीकडून दुसऱ्या बाटलीकडेच जाणार.

तेव्हा घर मुलाला, बिनशर्त. मागच्या खोलीचं छप्पर गळतं, ते त्याने दुरुस्त करावं. मी तीन वर्षं सांगतोय, पालथ्या घड्यावर पाणी.

कलम ३. फ्रिज

फ्रिज घराचा भाग धरू नये. तो स्वतंत्र मिळकत आहे आणि माझ्या सगळ्या मनस्तापाचं मूळ आहे.

या फ्रिजच्या दारात गेली पस्तीस-चाळीस वर्षं दुधाला जागा मिळालेली नाही. यंत्र तीनदा बदललं, दार तेच राहिलं. खालच्या कप्प्यात काळी, मधल्यात नारिंगी, वर टकळीचे फळांच्या रसाचे डबे. मुलगा म्हणतो, "बाबा, तो रस आहे. डब्यावर संत्र्याचं चित्र आहे." माझ्या दुकानाच्या पाटीवर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं. आत येणाऱ्यांपैकी एकही हसत नव्हतं.

यंदा मुलाच्या रक्तात साखर निघाली, यकृतावर चरबी निघाली. कागद सूनबाईच्याच प्रयोगशाळेतून आला, म्हणजे खोटा म्हणायची सोय नाही. त्याने तो घडी घालून कपड्यांखाली ठेवला आणि बाटल्या "साखरविरहित" आणायला लागला. दुसऱ्या आठवड्यात साखरेच्याही परत आल्या, पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुणे कोण, तर तोच.

ही सवय त्याला लागली कशी, हे मी लेखी नोंदवून ठेवतो. त्याच्या आईने लाडावून ठेवला. मी हे तिच्या तोंडावर तीस वर्षं म्हणत आलो. मुलाची पहिली दाढ काढली तेव्हा म्हटलं, मुलीच्या दातात चांदी भरली तेव्हाही म्हटलं. तिला सरळ उत्तर द्यायची सवय नव्हती. "मी सहाला घरी येते," एवढंच म्हणायची आणि स्वयंपाकाला लागायची. आता याचा आणि त्याचा काय संबंध? पण एक्स्चेंजमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणारी बाई घरी आल्यावर फारसं बोलत नसे. मीही ओढून काढलं नाही. ती स्वतः उभ्या उभ्या मुलांच्या उष्ट्या बाटल्या संपवायची हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. चव लागल्याशिवाय कोणी उष्टं पितं का?

फ्रिज सूनबाईला. तिने तो विकावा.

कलम ४. बँकेतली ठेव

जी काही असेल ती मुलीला. तिने त्यातून आधी स्वतःच्या खालच्या डाव्या दाढेचं काम करून घ्यावं. मागच्या वेळी आली तेव्हा उजव्या बाजूने चावत होती आणि मला दिसत नाही असं समजत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं.

कलम ५. मेहुणा

पत्नीचा भाऊ. याची थंड पेयांची एजन्सी होती. चांगला माणूस आहे, म्हणूनच त्याच्यावर धड रागावता आलं नाही. घरी येताना कधी मोकळ्या हाताने आला नाही, दर वेळी एक क्रेट. वाढदिवसाला क्रेट, बहीण आजारी पडली तर क्रेट, मी दुकान काढलं तेव्हा दोन क्रेट. आता त्याला स्वतःला साठीपासून संपूर्ण कवळी आहे, वरची आणि खालची. मीच केली. मेहुणा म्हणून पैसे घेतले नाहीत, पण वरचे दोन दात मुद्दाम किंचित वाकडे बसवले. त्याला वाटतं ते नैसर्गिक दिसावेत म्हणून. तसं नाही. मी चिडलो होतो.

त्याच्या कवळीचा दुसरा जोड तयार करून खणात ठेवला आहे. त्यात दात सरळ आहेत. तो त्याला द्यावा आणि हे कलम वाचून दाखवावं.

या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला तो फार उत्सुक होता. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकिलांनी सांगितलं. तो हिरमुसला. कवळीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

कलम ६. हत्यारं

मेणाच्या तीन सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, कानशी, पॉलिशचं मशीन, रबरी वाट्या आणि पितळी बिजागरीचं ते यंत्र, ज्यावर वरचा-खालचा जबडा बसवून चावा जुळतो का ते पाहतात. हे सगळं गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या दंतवैद्य बाईंना. त्यांच्याकडे नवीन आलेली तंत्रज्ञ मुलगी हाताने चांगली आहे. आता सगळं यंत्रात छापून निघतं हे मला माहीत आहे. तरी एकदा वीज गेली की माझी आठवण येईल.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी चाळीस वर्षं लोकांच्या दातांवरच पोट भरलं आणि माझे स्वतःचे अठ्ठावीस दात शाबूत आहेत. मी उभ्या आयुष्यात एक बाटली प्यालेलो नाही. हे मी गर्वाने लिहीत आहे, खोडणार नाही.

कलम ७. मागच्या खोलीतलं कपाट

या कपाटात जबडे आहेत. घाबरायचं कारण नाही, प्लास्टरचे. लोक मुलांना दर वाढदिवसाला भिंतीला उभं करून उंचीची रेघ ओढतात. आमच्या घरी दर वाढदिवसाला दातांचं माप घ्यायचो. मऊ लगद्याने भरलेला साचा तोंडात धरायचा, उलटी आल्यासारखं झालं तर नाकाने श्वास घ्यायचा, लगदा घट्ट झाला की बाहेर काढायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. तिसऱ्या वाढदिवसापासून सुरुवात. मुलाने सोळाव्या वर्षी तोंड मिटून घेतलं, मुलीने त्याच्या आधीच. टकळीचे पाच आहेत, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने तारीख आहे. पत्नीचा एकच आहे, कवळीसाठी घेतलेला. त्यात दात नाहीत.

हे कोणालाच नकोत हे मला ठाऊक आहे. सूनबाईला धूळ पुसताना भीती वाटते. तेव्हा मी गेल्यावर सगळे जबडे फोडून टाकावेत. पिशवीत घालून हातोडीने फोडावेत, खोलीभर पांढरं होणार नाही.

कलम ८. वरील काही कलमांबाबत

कलम ७ लिहून झाल्यावर मी चार दिवस कागदाला हात लावला नाही. आता जे लिहितो त्यामुळे मागचं काही खोटं ठरतं, पण वकील म्हणतात खाडाखोड करू नका, खाडाखोडीचा कागद कोर्टात टिकत नाही, बदलायचं ते पुढच्या कलमात लिहा. म्हणून मागचं तसंच राहू दे. मी काय म्हणत होतो ते सगळ्यांना दिसू दे.

झालं असं. मंगळवारी दुपारी मुलगा फोनवर होता. कोणाच्या तरी बिघडलेल्या यंत्राबद्दल माफी मागत होता. टकळी शाळेतून आली आणि तिने खुर्चीभोवती फिरत सांगायला सुरुवात केली की वर्गातली एक मुलगी कान हलवू शकते आणि आपल्याला ते येत नाही. मुलाने कानाच्या यंत्रावर हात ठेवला, फ्रिज उघडला, रसाचा डबा काढून नळी खुपसून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हळूहळू पी हां. दहा मिनिटं." ती सोफ्यावर बसली. दहा मिनिटं घरात आवाज नव्हता. कान हलवणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला नंतर कळलं नाही.

सहा वाजता सूनबाई आली. तिने चपला काढल्या, सोफ्यावरचा अर्धा डबा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि ओट्याशी उभी राहून पिऊन टाकला. मी म्हटलं, तू दिवसभर लोकांची साखर मोजतेस, आणि हे काय?

ती म्हणाली, "टाकायचं कशाला, बाबा? अर्धा तर उरलाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे वाक्य या ओट्याशी मी आधी ऐकलेलं होतं. तेच शब्द, तीच वेळ. फक्त बाई दुसरी होती.

मी मागच्या खोलीत गेलो आणि जबडे काढून टेबलावर मांडले. चाळीस वर्षांत ते कधी एका ओळीत मांडले नव्हते. दर वर्षीचा करायचा, तारीख घालायची, कपाटात ठेवायचा. मुलाचा तिसऱ्या वर्षाचा हातात घेतला. वीसच्या वीस दुधाचे दात, गुळगुळीत. चौथ्या वर्षाचा घेतला. वरच्या चार पुढच्या दातांवर हिरडीच्या कडेला नखाने टोचावं तसा खड्डा. पाचव्या वर्षी तो खड्डा रुंद, दाढांची टोकं बसलेली. सहाव्या वर्षी एक दाढ नाहीच. असा जबडा दुसऱ्या कोणाच्या मुलाचा माझ्या टेबलावर आला असता तर मी न विचारता सांगितलं असतं, हे मूल रोज गोड आणि आंबट काहीतरी चघळत बसतं, घटाघट पीत नाही, घोट घोट घेतं. दात सारखे त्यात भिजत राहतात. त्यांना सावरायला वेळच मिळत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मध्ये काय झालं? मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी इस्पितळातली नोकरी सोडली आणि या खोलीत दुकान थाटलं. मेहुण्याने दोन क्रेट आणले ते तेव्हाच. पत्नी सकाळी साडेआठला कामाला जायची. मुलं माझ्याकडे असायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. प्लास्टर पाण्यात कालवलं की माणसाच्या हातात दहा मिनिटंही नसतात. ते साच्यात थेंबाथेंबाने ओतायचं, साचा ठोकत राहायचं म्हणजे हवा निघून जाते. त्यात कोणी हाताला धक्का दिला, कोणी "बाबा, हे काय" म्हणून बाही ओढली, की बुडबुडा राहतो आणि गिऱ्हाइकाच्या दातावर मस उगवल्यासारखा गोळा येतो. मग सगळं फेकायचं आणि गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवायचं. मुलगा तेव्हा टकळीपेक्षा जास्त बोलायचा. हे आज कोणाला खरं वाटणार नाही. आता तो फक्त माफी मागायला तोंड उघडतो.

मी बाटली फोडायचो, नळी घालायचो, त्याला त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायचो. आणि म्हणायचो, "सावकाश पी. प्लास्टर घट्ट होईपर्यंत पुरव." दिवसातून तीन साचे असले तर तीनदा. दीड-दोन वर्षांनी मुलीलाही शेजारी बसवलं. त्यांना गोडाची चटक लागली ते एक झालंच. पण मी त्यांना ते हळू प्यायला शिकवलं. दातांसाठी याहून वाईट काही नाही हे या गल्लीत कोणाला पक्कं माहीत असेल तर मला, आणि मीच ते शिकवलं. घटाघट पिऊन पळाली असती तर दात तरी एवढे गेले नसते. मला दहा मिनिटं हवी होती.

आणि ती सहाला घरी यायची. कोपऱ्यातल्या अर्ध्या बाटल्या उचलायची आणि उभ्या उभ्या संपवायची, कारण अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. म्हणायची, टाकायचं कशाला. वर्षानुवर्षं, रोज दोन अर्ध्या बाटल्या. मी म्हणायचो, तुझ्या लाडाने मुलं बिघडली. ती म्हणायची, मी सहाला घरी येते. ते सरळ उत्तर होतं. याहून सरळ उत्तर कोणी देऊ शकत नाही. तीस वर्षं मला ते ऐकू आलं नाही, आणि ती गेल्यावर सहा वर्षांनी प्लास्टरने सांगितलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी लोकांच्या तोंडात आरसा घालून कुसळं शोधली.

तरी कलम ३ मध्ये पत्नीबद्दल जे लिहिलं आहे ते मी मागे घेतो. ते या कुटुंबासमोर मोठ्याने वाचावं, त्यानंतर लगेच हे कलम वाचावं, आणि मध्ये कोणी पाणी प्यायलाही उठू नये. मुलाबद्दल जे लिहिलं ते निम्मं मागे घेतो. उरलेलं निम्मं त्याचं त्याने पाहावं. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला बाबांनी बाटली दिली होती हे कायम सांगत बसता येत नाही. मेहुण्याबद्दल लिहिलेलं तसंच राहील, मात्र सरळ दातांची कवळी त्याला माझ्या मरणाआधीच देतो.

कलम ७ रद्द. एकही जबडा फोडू नये.

कलम ९. पत्नीची कवळी

काचेच्या झाकणाच्या डबीत आहे. तिच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी केली. माझ्या हातची सर्वांत चांगली कवळी होती असं मी सगळ्यांना सांगायचो. ती एकदाच म्हणाली की खालून डाव्या बाजूला लागते. साखरेने हिरड्या आकसतात, कवळी सैल होते, घासते, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगत होतो. तिला म्हटलं, सवय होईल, माप बरोबर आहे. त्यानंतर ती काही बोलली नाही. मी नसताना ती कवळी काढून जेवायची, माझी पावलं वाजली की तोंडात घालायची. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. डाव्या बाजूला कानस फिरवायला दहा मिनिटं लागली असती.

बुधवारी मी तिचा बिनदातांचा जबडा आणि ती कवळी घेऊन बसलो आणि जिथे लागत होतं तिथे घासून दिली. आता लागणार नाही. ती माझ्याबरोबर द्यावी, शर्टाच्या खिशात.

कलम १०. कपाटाचं पुन्हा

सर्व जबडे मुलाला. ते त्याने पुढच्या खोलीत, तो फोनवर बोलतो त्या टेबलासमोरच्या फळीवर तारखेप्रमाणे ओळीने लावावेत. वर त्याचे, मध्ये बहिणीचे, खाली टकळीचे. लोकांची माफी मागताना नजर तिथे जाईल इतक्या उंचीवर. ही अट नाही, विनंती आहे. अटी माझ्या टिकत नाहीत.

टकळीच्या ओळीत त्याने स्वतः बघावं. पाचवं वर्ष स्वच्छ. सहाव्या वर्षी मागच्या दाढेवर खड्डा. सातव्या वर्षी दोन दाढा काढलेल्या. पाच आणि सहाच्या मध्ये काय झालं हे मी त्याला सांगणार नाही. कंपनीचं पत्र त्याच्याच खणात आहे.

हे सांगायचं कारण, तिचे गेले ते दुधाचे होते. पुढचे दोन पक्के दात आता कुठे अर्धे वर आले आहेत. कडा करवतीसारख्या आहेत, नव्या दाताच्या असतात तशा. हे शेवटचे. यानंतर निसर्ग काही देत नाही, यानंतर माझ्यासारख्याकडे यावं लागतं, आणि मी काय देतो ते कलम ९ मध्ये लिहिलं आहे.

मी हे मुलाला तोंडी सांगायला गुरुवारी पुढच्या खोलीत गेलो होतो. तो फोनवर होता. मी उभा राहिलो. त्याने यंत्रावर हात ठेवून विचारलं, "बाबा, महत्त्वाचं आहे का? दहा मिनिटं थांबाल?" मी थांबलो. मग दुसरा फोन आला. त्याचा राग आला नाही. हे मीच त्याला शिकवलं आहे. म्हणून कागदावर लिहितो, कागदाला थांबायला वेळ असतो.

कलम ११. नात

घर बापाचं, ठेव आत्याची, फ्रिज आईचा, मग टकळीला काय? माझं स्टूल, कोपऱ्यातलं. त्यावर तिने उभं राहावं, बसवलं तर बसू नये.

आणि घरातल्या सर्वांसाठी माझी एकच शेवटची सूचना आहे. बाटली आणू नका, असं म्हणणार नाही, मला तुमची सगळ्यांची तोंडं माहीत आहेत. ती बोलत असताना तिच्या तोंडात काही घालू नका. डबा नको, गोळी नको, फळही नको. एखाद्याची माफी दहा मिनिटं उशिरा मागा. बुडबुडा आला तर येऊ दे. तिला बोलू द्या.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, वाचताना दोनदा चिडलो आणि मला तो मान्य आहे. उद्या टकळीचा वाढदिवस. दंतवैद्य बाई साक्षीला आल्याच होत्या म्हणून माप आजच घेतलं. तिने नाकाने श्वास घेतला, एकदाही कुरकुर केली नाही. मी प्लास्टर कालवायला घेतलं आणि ती विचारायला लागली की आजी टेलिफोनवर लोकांचं सगळं बोलणं ऐकायची का, मग तिला कोणाचं गुपित माहीत होतं का, आणि घरी आल्यावर ती कोणाशी बोलायची. मला उत्तरं द्यावी लागली.

सही: (केली आहे)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली

दिनांक: शनिवार, नातीच्या आठव्या वाढदिवसाचा आदला दिवस

साक्षीदार

१. दंतवैद्य, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना. सही करणाऱ्यांना मी पंचवीस वर्षं ओळखते. ते शुद्धीवर आहेत. हत्यारं मला देऊ केली होती, पण साक्षीदाराला काही घेता येत नाही, हे ते स्वतःच कलम ५ मध्ये लिहून कलम ६ मध्ये विसरले. कलम ६ मधला माझा हक्क मी सोडते. हत्यारं माझ्याकडच्या तंत्रज्ञ मुलीला द्यावीत, असं त्यांनी आमच्यासमोर सांगितलं आहे. खाडाखोड नको म्हणून ते इथे लिहिते. सही.

२. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन. मजकूर मी वाचलेला नाही, साक्षीदाराला वाचावा लागत नाही असं कळलं. सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी नात बोलत होती, हे ऐकत होते आणि रबरी वाटीतलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं होतं. सही.